महाभारताला पत्ता देणारे डॉ. सुखटणकर

कोणी छातीठोकपणे सांगितलं की महाभारतात असं असं लिहिलंय, तर त्याला एकच प्रश्न विचारायचा. कोणत्या महाभारतात? प्रश्न आगाऊ वाटेल, पण अगदी रास्त आहे. शंभर वर्षांपूर्वी छापील महाभारतंच निरनिराळी होती. एक कलकत्त्याचं, १८३४ ते १८३९ या काळात छापलेलं. एक मुंबईचं. एक दक्षिणेतलं, कुंभकोणमचं. कलकत्तेवाल्यांनी एका पर्वातले श्लोक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात मोजले, मुंबईवाल्यांनी प्रत्येक अध्यायात १ पासून मोजले, आणि कुंभकोणमच्या पुस्तकात तर श्लोकच जास्त होते. एकाने दिलेला आकडा दुसऱ्याच्या पुस्तकात शोधायला गेलं की भलतंच काहीतरी सापडायचं.

आपल्याला हा त्रास नवा नाही. रिपोर्ट वर्डमध्ये लिहायचा, पीडीएफ करायचा, मग कोणीतरी तो मोबाइलवर उघडणार. रेफरन्समध्ये पान ४३ लिहिलेलं असतं आणि फॉन्ट बदलला की ते पान ४७ होतं. आमच्या विंचूरला कांद्याच्या सीझनमध्ये पाहुण्याला पत्ता सांगताना निळ्या ट्रॅक्टरच्या समोरचं घर असं सांगून बघा. पाहुणा पोहोचेपर्यंत ट्रॅक्टर लिलावाला निघून गेलेला असतो. पान नंबर म्हणजे असा उभा केलेला ट्रॅक्टर. घराला घराचाच नंबर हवा. एवढी साधी गोष्ट जगातल्या एका सगळ्यात लांबलचक ग्रंथाच्या बाबतीत ज्यांनी करून दाखवली, ते डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर. (त्यांचं आडनाव सुखटणकर, सुखठणकर आणि सुकथनकर असं तिन्ही प्रकारे छापलेलं दिसतं. पाठभेद जुळवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नावालाच पाठभेद!)

मित्रांनो, हा माणूस मुळात आपल्या बाजूचा, म्हणजे सायन्स साइडचा. जन्म ४ मे १८८७. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले आणि तिथून केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजमध्ये गेले ते गणित शिकायला. केंब्रिजचं गणित म्हणजे त्या काळी भल्याभल्यांना घाम फोडणारं प्रकरण. ते पुरं केल्यावर सरळ एखादी चांगली नोकरी धरायची सोडून हे गृहस्थ बर्लिनला गेले आणि हाइनरिश ल्यूडर्स या प्राध्यापकांकडे संस्कृत शिकू लागले. शाकटायनाच्या व्याकरणावर तिथे डॉक्टरेट केली. गणितातून व्याकरणात जाणं आपल्याला ब्रँच चेंजसारखं वाटतं. मला मात्र ती उडी फार मोठी वाटत नाही. संस्कृत व्याकरण ज्याने थोडंफार पाहिलंय त्याला माहीत असेल, तिथेही नियम, अपवाद आणि कमीत कमी चिन्हांत जास्तीत जास्त सांगण्याचा हट्ट असतो.

ल्यूडर्स यांच्याकडे जाणं हा एक योगायोगच म्हणायचा. महाभारताची सगळ्या पोथ्या ताडून पाहिलेली आवृत्ती निघावी, ही कल्पना युरोपात विंटरनिट्झ यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती, आणि ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये तिचा छोटा नमुना छापूनही दाखवला होता. पुढे पहिलं महायुद्ध झालं आणि युरोपातलं ते काम तिथेच राहिलं.

सुखटणकर भारतात परतले, पुरातत्त्व खात्यात लागले. शिलालेख, ताम्रपट वाचायचे, पुसट अक्षर कोणतं आणि स्पष्ट कोणतं हे नोंदवायचं, असं ते काम. मग अमेरिकेत काही काळ राहिले, भासाच्या नाटकांवर लेखमाला लिहिली. हा सगळा भाग मी भराभर सांगतोय, कारण खरी गोष्ट सुरू होते ती १९२५ मध्ये, पुण्यात.

पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि १९१९ मध्ये काम सुरू झालं. पहिले संपादक नारायण बापूजी उटगीकर. त्यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाचा एक नमुना छापून देशोदेशीच्या पंडितांना पाठवला आणि सूचना मागवल्या. आजच्या भाषेत बीटा व्हर्शन. सूचना आल्या, त्यातून अडचणीही कळल्या, आणि १९२५ च्या ऑगस्टमध्ये प्रमुख संपादक म्हणून सुखटणकरांना आणलं गेलं. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते.

समोर काय होतं ते बघा. महाभारताच्या पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंत विखुरलेल्या. लिप्या वेगवेगळ्या: शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. कोणी भूर्जपत्रावर, कोणी ताडपत्रावर, कोणी कागदावर लिहिलेली. प्रत्येक नकलकाराने थोडं गाळलेलं, थोडं चुकवलेलं, आणि जास्त करून भर घातलेली. संपूर्ण प्रकल्पात शेवटी बाराशेहून जास्त पोथ्या पाहिल्या गेल्या. नुसत्या आदिपर्वाचा पाठ ठरवताना सुखटणकरांनी सुमारे साठ पोथ्या वापरल्या.

ताडून पाहण्याची पद्धत वाचली तर एक्सेल शीटच डोळ्यांसमोर येते. उभ्याआडव्या रेघा मारलेला मोठा कागद. वरच्या ओळीत श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एकेक आडवी ओळ. जिथे पोथीतलं अक्षर वेगळं असेल तिथे त्याच चौकटीखाली ते लिहायचं. पोथीत जादा श्लोक असतील तर वेगळ्या कागदावर उतरवून जोडायचे. हे काम संस्थेत पगारी शास्त्री करत. बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांसाठी तंजावरलाही अशी केंद्रं होती. कॉम्प्युटर नाही, झेरॉक्स नाही, आणि एक चौकट चुकली की पुढचं सगळं चुकणार.

हे कागद भरून झाले. आता ते छापायचे कसे? इथे सुखटणकरांमधला गणिती दिसतो असं मला वाटतं. प्रत्येक पोथीचा उल्लेख लांबलचक नावाने केला असता तर तळटीपा मूळ मजकुराच्या दसपट झाल्या असत्या. त्यांनी प्रत्येक पोथीला रोमन अक्षर आणि एक आकडा दिला. अक्षर कसंही दिलेलं नाही. ते साधारणपणे पोथीच्या लिपीवरून येतं: बंगालीला बी, देवनागरीला डी, तेलुगूला टी, ग्रंथ लिपीला जी, मल्याळमला एम. आकडा त्या गटातली प्रत सांगतो. देवनागरीत एखाद्या टीकाकाराची परंपरा असेल तर डीला मागे छोटं अक्षर लागतं. आणि एक मुद्दाम केलेला अपवाद आहे, के हा गट. त्या पोथ्या लिहिलेल्या देवनागरीत आहेत, पण त्यांचा मजकूर काश्मिरी शारदा पोथीशी जुळतो. मग त्यांना डी म्हणणं म्हणजे कपड्यावरून माणूस ओळखणं झालं असतं. म्हणून वेगळं अक्षर. सगळ्या उत्तरी पोथ्या एकत्र सांगायच्या तर एन, दक्षिणी सगळ्या तर एस. आणि टीपेत क्रम नेहमी तोच. काश्मीरपासून निघायचं, नेपाळ, मिथिला, बंगाल करत देवनागरीत यायचं, मग तेलुगू, ग्रंथ आणि शेवटी मल्याळम. सवय झालेल्या वाचकाला दोन इंचांच्या टीपेत अख्ख्या देशाचा नकाशा दिसतो.

याचा उपयोग काय, ते हॉस्टेलवाल्यांना चटकन कळेल. समजा एका असाइनमेंटच्या चाळीस वह्या सबमिट झाल्या आणि त्यातल्या छत्तीस वह्यांत उत्तर सारखं आहे. म्हणून ते बरोबर का? सर लगेच ओळखतात की छत्तीस वह्या म्हणजे एकच वही, बाकी पस्तीस रात्री दोन वाजता उतरवलेल्या. उरलेल्या चार वह्या वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांना न दाखवता लिहिलेल्या असतील आणि त्यांचं उत्तर एक आलं, तर त्याला वजन जास्त. पोथ्यांचंही तसंच आहे. देवनागरी पोथ्या ढिगाने, पण बऱ्याच एकमेकींवरून उतरलेल्या आणि एकमेकींत मिसळलेल्या. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी मध्ये हजारो मैल ठेवून एकच पाठ देत असतील, तर तो जुना असण्याची शक्यता फार मोठी. मतमोजणी करायची नाही, साक्षीदार एकमेकांना भेटलेत का ते बघायचं. आणि ते एका नजरेत दिसावं म्हणून संकेत असे गटवार. नुसते पोथी १, पोथी २, पोथी ६० असे नंबर दिले असते तर हे काहीच दिसलं नसतं.

दुसरी अडचण याहून कठीण होती, जादा श्लोकांची. काही पोथ्यांतच असलेले, मागाहून घातलेले वाटणारे श्लोक मुख्य मजकुरातून काढायचे, इथवर ठीक. पण काढून टाकायचे कुठे? फेकून दिले तर पुढच्या अभ्यासकाला ते कधी होते हेच कळणार नाही. मुख्य मजकुरात कंसात ठेवले तर सगळी मोजणी सरकणार. अ‍ॅरेच्या मध्ये एक एलिमेंट घुसवला की पुढचे सगळे इंडेक्स बदलतात, तसं. सुखटणकरांच्या आवृत्तीत यासाठी दुसरी मोजणी आहे. मुख्य मजकुराला पर्व, अध्याय, श्लोक असे तीन आकडे, आणि श्लोकाच्या चार चरणांना चार अक्षरं. बाजूला काढलेल्या ओळींना तारा लावलेला स्वतंत्र क्रमांक, त्या तळटीपेत. फारच लांब असेल तर परिशिष्टात, तिथला क्रमांक वेगळा. म्हणजे वगळलेल्या ओळीलाही पत्ता आहे. शिवाय मुख्य मजकुरात जिथे संपादकाची स्वतःची खात्री कमी, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. आणि पानाच्या कडेला कलकत्ता, मुंबई, कुंभकोणम या तिन्ही जुन्या छापील महाभारतांतले आकडे. आजोबांच्या मुंबई प्रतीवरून कोणी जुना आकडा लिहून ठेवला असेल, तर तोही वाया जात नाही.

आता यात भांडणासारखं काय होतं? भरपूर होतं. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय, ही गोष्ट घराघरात माहीत आहे. मला ती आधी कॉमिकमध्ये भेटली, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने महाभारत पुन्हा दाखवलं तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून महाभारत पाहिलं. आदिपर्वाचा पाठ ठरवताना सुखटणकरांच्या कसोटीला ही गोष्ट उतरली नाही आणि त्यांनी ती परिशिष्टात नेली. गणपतीच्या पुण्यात बसून! भाविकाला हे लागणारच. पण परिशिष्ट उघडा. गोष्ट तिथे पूर्ण छापलेली आहे, आणि ती कोणत्या पोथ्यांत आहे त्यांची संकेताक्षरंही आहेत. ज्याला संपादकाचा निर्णय पटत नाही त्याने ती उचलून परत जागेवर ठेवावी. त्यासाठी लागणारं सगळं सामान संपादकानेच दिलेलं आहे.

याच्या उलट बाजूला आपल्याच भागातला एक मोठा माणूस उभा आहे. विंचूरहून येवला, येवल्याहून कोपरगाव. त्या गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातले नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीला राहत होते. त्यांनीही ठिकठिकाणच्या पोथ्या जमवून, चांगले वाटले ते पाठ निवडून महाभारतावर टीका लिहिली. ती इतकी गाजली की मुंबईचं छापील महाभारत म्हणजे मुख्यतः नीलकंठांचं महाभारत. त्यांचं काम लहान अजिबात नाही. पण कोणता पाठ कुठल्या पोथीतून घेतला, हे प्रत्येक ठिकाणी नोंदवण्याची रीत तेव्हा नव्हती. वाचकाला नीलकंठांवर विश्वास ठेवणं एवढंच शक्य होतं. सुखटणकरांच्या आवृत्तीत ते विश्वास मागत नाहीत, तपासायला देतात. आणि त्यांच्या टीपांत आपले नीलकंठही आहेत: डीच्या मागे एक छोटा एन. इतरांसारखा एक साक्षीदार. कोपरगावकरांना राग आला तर येवो, मला हे बरोबर वाटतं.

सिल्वाँ लेव्ही या थोर फ्रेंच पंडितांनी मात्र सुचवलं होतं की नवा पाठ बनवण्याच्या भानगडीत पडू नये, नीलकंठांचं प्रचलित महाभारतच छापावं आणि खाली पाठभेद द्यावेत. सूचना सोपी होती आणि वेळही वाचला असता. सुखटणकरांनी ती मानली नाही. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये आला, पूर्ण पर्व १९३३ मध्ये, आणि त्याच्या इंग्रजी प्रस्तावनेत त्यांनी या आक्षेपाला उत्तर दिलं. ही आवृत्ती म्हणजे व्यासांच्या हातची प्रत असा त्यांचा दावा नव्हता. हाती असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाणं, एवढाच होता.

मग परीक्षा आली. पर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाच्या एका फार जुन्या ताडपत्री पोथीची माहिती मिळाली. पाठ ठरवताना ही पोथी सुखटणकरांनी पाहिलेलीच नव्हती. म्हणजे मॉडेल बनवून झाल्यावर नवा डेटा हाती यावा तसं. छातीत धस्स झालं असणार, निदान माझ्या तरी झालं असतं. त्यांनी १९३८ मध्ये या पोथीवर लेख लिहिला. नुसत्या तर्काने वगळलेल्या पुष्कळ भागांच्या बाबतीत पोथीने त्यांच्याच बाजूने साक्ष दिली होती. आणि हे कोणालाही पडताळता येत होतं, कारण प्रत्येक वगळलेल्या ओळीला नंबर होता.

आखणी पक्की असल्यामुळे काम वाटून देता आलं. विराटपर्व रघुवीर यांनी केलं, उद्योगपर्व ढाक्याचे सुशीलकुमार डे यांनी, सभापर्व अमेरिकेत येलला असलेल्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. माणसं तीन टोकांना, पण अक्षरांची रीत तीच, तारा तोच, नागमोडी रेघ तीच. ग्रुप प्रोजेक्टमध्ये चार जणांनी चार प्रकारे रेफरन्स लिहिलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून याचं मोल वेगळं सांगत नाही. आरण्यकपर्व सुखटणकरांनी स्वतः केलं, ते १९४२ मध्ये पूर्ण झालं.

जानेवारी १९४३ मध्ये संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्यानं ठरली होती. अठरा वर्षं अक्षरं मोजणाऱ्या माणसाला शेवटी या गोष्टीचा अर्थ काय, हे सांगायचं होतं. तीन व्याख्यानं झाली. चौथं व्हायच्या आधीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, ते गेले. वय पंचावन्न. चारही व्याख्यानं पुढे १९५७ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली.

एरवी असा माणूस गेला की काम बसतं. हे बसलं नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रमुख संपादक झाले, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. सगळं महाभारत १९६६ मध्ये पूर्ण झालं, २२ सप्टेंबरला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन झालं.

यापुढचा भाग सुखटणकरांनी पाहिलेला नाही, पण आपल्या ब्रँचचा आहे. १९९० च्या दशकात जपानमध्ये क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी ही अख्खी आवृत्ती कॉम्प्युटरवर आणली. नंतर केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. केंब्रिज म्हणजे जिथे सुखटणकर गणित शिकले तेच. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आठ अंक आहेत: दोन पर्वाचे, तीन अध्यायाचे, तीन श्लोकाचे, आणि मागे चरणाचं एक अक्षर. पहिल्या पर्वाच्या पहिल्या अध्यायातला क्रमांक १ म्हणजे ०१००१००१ आणि मागे ए. नवीन काही शोधावं लागलं नाही, पुण्यातल्या छापील पानावरचे तीन आकडे शून्यं लावून शेजारी शेजारी ठेवले इतकंच. लाटेकमध्ये आपण रेफरन्सला एक की देतो आणि तो कंसात छापायचा की तळटीपेत, हे नंतर ठरतं. पँडॉकमध्ये अ‍ॅट चिन्हामागे की लिहितो, मग त्याच फाइलमधून वेब पेज, पीडीएफ किंवा वर्डची फाइल काढतो. तत्त्व हेच. ओळखीचा आकडा वेगळा, दिसणं वेगळं. जॉन स्मिथ यांचं महाभारत देवनागरी युनिकोडमध्ये मिळतं, रोमन युनिकोडमध्ये मिळतं, आणि ज्या जुन्या मशीनला दोन्ही झेपत नाही तिच्यासाठी साध्या अ‍ॅस्कीमध्येही मिळतं. फॉन्ट बदलतो, लिपी बदलते, फाइलची साइज बदलते. पुण्यातल्या छापील प्रतीत एखादा श्लोक आदिपर्वाच्या पहिल्या अध्यायात ज्या नंबरवर आहे, तिन्ही फाइलींत तो त्याच नंबरवर सापडतो.